शत्रूच्या राजदूतांना आलिशान हॉटेलात का ठेवलं?

उत्सुक_वाचक: पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने जपानी आणि जर्मन वकिलातीतली माणसं बायकापोरांसकट ग्रीनब्रायर, होमस्टेड अशा बड्या हॉटेलांत ठेवली. साधी छावणी का नाही? आणि ते मायदेशी पोचले कसे?

रेल्वेवेडा: छावणी उभारायला वेळ लागतो, हॉटेल तयार होतं. वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीनब्रायर चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्याच मालकीचं आणि स्टेशन फाटकासमोर. वॉशिंग्टनहून खास गाडी सुटली की थेट दारात, वाटेत संतापलेल्या जमावाची भीती नाही. डोंगरातली एकाकी जागा, हिवाळ्यामुळे गिऱ्हाईक थोडं, शेकडो माणसांना जेवू घालणारा मुदपाकखाना जागेवरच. जर्मन आणि हंगेरियन डिसेंबर १९४१ मध्येच तिथे आले. जपानी आधी व्हर्जिनियातल्या होमस्टेडमध्ये होते. एप्रिल १९४२ मध्ये त्यांनाही ग्रीनब्रायरला हलवलं.

तह_आणि_करार: सोय हे अर्धंच कारण. अमेरिकेचे राजदूत जोसेफ ग्रू तोक्योत दूतावासाच्या आवारातच अडकले होते. बर्लिनच्या दूतावासातले अमेरिकन जर्मनीतल्याच बाड नाउहाइम गावच्या एका बंद पडलेल्या हॉटेलात होते, मुत्सद्दी जॉर्ज केनन त्यांतलेच. इथे जसं वागवाल तसंच तिकडे आपल्या माणसांना वागवतील, हा हिशेब होता. म्हणून खोल्या, जेवण चांगलं; पण आवाराबाहेर जायला बंदी. थेट संबंध तुटलेले, म्हणून अमेरिकेत जर्मनीच्या वतीने तटस्थ स्वित्झर्लंड बोले, जपानच्या वतीने स्पेन.

जुनी_बंदरे: सुटका म्हणजे माणसांची अदलाबदल, आणि खरी कटकट तिथेच. आधी दोन्ही याद्या जुळवायच्या, मग सगळ्या लढणाऱ्या देशांकडून जहाजाला अभय मिळवायचं. स्वीडनचं ‘ग्रिप्सहोम’ रात्री दिवे लावून जायचं, बाजूंवर ठळक अक्षरांत ‘डिप्लोमॅट’ रंगवलेलं, पाणबुडीला दुरून कळावं म्हणून. जर्मन मे १९४२ मध्ये ‘ड्रॉटनिंगहोम’ने लिस्बनकडे निघाले. जपानी १८ जूनला न्यूयॉर्कहून ‘ग्रिप्सहोम’ने निघून जुलैत लोरेन्सो मार्केसला (आजचं मोझांबिकमधलं मापुतो) पोचले, समोरून अमेरिकनांना घेऊन ‘आसामा मारू’ आणि ‘कॉन्ते व्हेर्दे’. बंदर पोर्तुगिजांचं, म्हणून तटस्थ.

उत्सुक_वाचक: मग गोव्यातली अदलाबदल हीच का?

जुनी_बंदरे: नाही, ती दुसरी. ऑक्टोबर १९४३, मुरगाव बंदर, ‘ग्रिप्सहोम’ आणि ‘तेइआ मारू’. त्यात मुख्यतः सामान्य नागरिक होते. वर्षभर उशीर याद्यांवरूनच झाला: जपानने मागितलेल्या कित्येकांना परत जायचंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक नकारामागे बदली नाव शोधून यादी पुन्हा तटस्थ देशांमार्फत फिरवावी लागे.