पावसाळ्यात असोग्याचा डोह मोकळा सोडूया का?

मलप्रभाकाठचा

गेल्या मृगात पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगाव जिल्ह्यात खानापूरजवळ मलप्रभेकाठी असलेल्या असोग्याला गेलो होतो. रामलिंगाच्या देवळाखालच्या खडकावर दोघं जण मासे साफ करत बसले होते. चढणीचे मासे. विळीवर पोट फाडलं की आतून गाबोळी, म्हणजे अंडी निघायची, पिवळसर, मोहरीएवढ्या दाण्यांची, ओंजळ भरेल एवढी. ती ते बोटाने बाजूला सारत होते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ती खडकावरून वाहून चालली होती. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो.

खानापूर तालुक्यात वाढलेल्या कुणाला हे सांगायला नको, की पाणी गढूळ झालं की मासा प्रवाहाच्या उलटा चढतो, ओढ्यांत, भाताच्या खाचरांत शिरतो, अंडी घालायला. उन्हाळाभर नदी आटते तेव्हा तो डोहात जीव धरून असतो. म्हणजे डोह हे वर्षभराचं बियाणं. आपण मे महिन्यात तिथं उड्या मारतो, गाड्या धुतो, आणि जूनमध्ये उरलेलं बियाणं जाळ्यात घेतो.

मला नदी बंद करायची नाही. मी स्वतः तिथंच पोहायला शिकलो. माझं म्हणणं एवढंच: मृगापासून श्रावण संपेपर्यंत असोग्याच्या डोहात आणि वरच्या ओढ्यांच्या तोंडाशी जाळं, गळ काही नको. आणि वर्षभर गाड्या काठावर नकोत, वर रस्त्यालाच थांबाव्यात.

चहाची टपरी

तुमचं ऐकायला बरं वाटतं हो, खरं पोट भरायचं कुणी? माझी टपरी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चालते, बाकीचे दिवस दूधही खपत नाही. माणसं गाडी खालपर्यंत येते म्हणून येतात. वर रस्त्याला थांबवलात तर म्हातारी माणसं, लहान पोरं घेऊन कोण खाली उतरणार? दुसऱ्या गावाला जातील की. एक वर्ष महाशिवरात्रीला गाड्या वर अडवल्या होत्या, तेव्हा माझे दोन डबे पोहे तसेच घरी गेले.

कचरा होतो, मी नाही म्हणत नाही. सोमवारी सकाळी मीच बाटल्या गोळा करतो. खरं त्याला उपाय मासेबंदी नाही.

जांबोटीकडचा

टपरीवाल्या दादांचं बरोबर आहे, पण वाद मुळात चुकीच्या जागी चाललाय. चार पोरांनी गळ टाकल्याने नदी मरत नाही. नदी मरते ती वाळूने. वाळू उपसली की डोहाचा तळ उघडा पडतो, काठ ढासळतो, उन्हाळ्यात पाणी मुरून साठायचं तेही थांबतं. गावागावांतलं सांडपाणी सोडतात तेही तिथंच. आणि खाली सौंदत्तीला नविलुतीर्थाच्या धरणात हेच पाणी साठतं, हुबळी-धारवाड ते पितं. वाळू उपसणाऱ्यांवर, सांडपाणी सोडणाऱ्यांवर कुणी बोलत नाही. बोलायचं ते रविवारी भजी खाणाऱ्यांवर.

मोठ्यांना हात लावता येत नाही म्हणून लहानांना नियम लावणं मला पटत नाही.

मलप्रभाकाठचा

जांबोटीकर, वाळूवर तुमच्या शब्दाला शब्द जोडतो. पण वाळू थांबेपर्यंत मासा थांबणार आहे का? दोन्ही एकदम करायला कुणी अडवलंय? आणि फक्त गळ असता तर मी धागा काढलाच नसता. रात्री ब्लीचिंग पावडर टाकतात, कधी जिलेटिन. त्यात पिल्लू, बेडूक, खेकडा सगळंच पांढरं होऊन वर येतं. स्फोट करून किंवा विष घालून मासे मारायला 1897 च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. नवा नियम मागतोय असं नाही, जुना पाळा म्हणतोय.

नेसरीची लेक

माझं माहेर चंदगड तालुक्याच्या कडेला, सासर खानापुरात. माझ्या आजीच्या गावात देवाच्या डोहातला मासा कुणी खात नसे. लोक मुरमुरे टाकत आणि मासे पायरीपर्यंत येत. देवराईला हात लावत नाहीत तसंच. महाडकडे वाळणकोंडीला अजून तसं आहे, शृंगेरीला तुंगेच्या घाटावरही आहे. पोलीस ठेवून हे झालेलं नाही. असोग्याला तर देऊळ डोहाच्या काठावरच आहे, मग एक डोह देवाचा म्हणून सोडायला काय हरकत?

एक मात्र बोलते. धुणं आम्ही बायकाच नदीवर नेतो, आणि पावडरचा फेस डोहात जातो. मोटार धुणाऱ्याला बोलताना तेही धरा. मी गेल्या वर्षीपासून धुणं नळावर करते, पाणी आलं तर.

जांबोटीकडचा

देवाचा डोह ही गोष्ट मला मान्य आहे. त्यात कुणाचा धंदा बुडत नाही आणि कुणी वरून आदेश काढल्यासारखंही होत नाही. हब्बनहट्टीचा मारुती पावसात पाण्याखाली जातो, तेव्हा तसंही नदीत कुणी उतरत नाही. प्रश्न त्याआधीच्या पंधरा दिवसांचा आहे, पहिल्या चढणीचा. तेवढे दिवस गावातली पोरं राखणीला बसली तर मी पण येईन. पण वाळूचं निवेदन त्याच कागदावर पाहिजे. नाहीतर माझी सही नाही.

चहाची टपरी

पावसात माझी टपरी बंदच असते, त्यामुळे जाळ्याच्या बंदीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. माझा विरोध गाड्यांच्या गोष्टीला. वर थांबवायच्या असतील तर म्हाताऱ्यांची आणि अपंगांची गाडी खाली यायला मोकळीक द्या, आणि वर सावलीला एक शेड करा, म्हणजे मी टपरी तिकडे हलवतो. माणसं जिथं थांबतात तिथं चहा लागतोच.

मलप्रभाकाठचा

शेडचं ग्रामसभेत मांडूया, वाळूचंही त्याच कागदावर लिहितो. म्हाताऱ्यांच्या गाडीचं कबूल. धुण्याचं लक्षात नव्हतं, ताईंचे आभार. दगडाची एक पायरी डोहाच्या खालच्या अंगाला करून दिली तर फेस डोहात न जाता पुढं वाहून जाईल, पण पुढच्या गावाचं काय, हे मला सुटलेलं नाही.

नेसरीची लेक

फलक लावाल तेव्हा वर कन्नडात आणि खाली मराठीत लिहा. रविवारी येणाऱ्यांत हुबळी-धारवाडची माणसं खूप असतात, आणि हे पाणी शेवटी तीच पितात. कन्नड मजकूर माझी जाऊ लिहून देईल, तिची शाळा बैलहोंगलची.