आठ वर्षांच्या मुलीसाठी पहिले धनुष्य किती पाउंडांचे घ्यावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. त्या सामन्याची चित्रफीत माझ्या मुलीने अलीकडे पाहिली आणि तेव्हापासून आमच्या घरातील खराट्याची प्रत्येक काडी बाण झाली आहे. मुलगी आठ वर्षांची असून तिची उंची 126 सेंटिमीटर आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची (चाके लावलेल्या धनुष्याची) मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे, तेव्हा थेट कंपाउंडच घ्यावे, असे तिच्या मामाचे म्हणणे आहे. दुकानदार 24 पाउंडांचे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले, चाके नसलेले धनुष्य) सुचवतो, कारण ते ‘चार वर्षे पुरेल’. फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतो, तसे धनुष्यही घेता येते का?

तिसरी शिट्टी

ताई, फ्रॉक सैल असला तर अंगावर लोंबतो, एवढेच. धनुष्य जड असले तर मूल ते ओढण्यासाठी खांदा कानापर्यंत उचलते, कंबर मागे झुकवते, आणि ही ढब एकदा अंगात मुरली की ती काढण्यात पुढची दोन वर्षे जातात.

रिकर्व्हवर लिहिलेले पाउंड हे दोरी 28 इंचांपर्यंत ओढल्यावर लागणाऱ्या जोराचे असतात. आपली मुलगी 28 इंच ओढणारच नाही. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. हे अंतर बहुधा उंचीइतकेच असते, म्हणजे तिची ओढ सुमारे 20 इंच येईल. तेवढ्या ओढीला 24 पाउंडांचे धनुष्य तिच्या बोटांवर साधारण 15 पाउंडांचा भार टाकेल, आणि तो भार तिला एकदा नव्हे, तर सरावात साठ-सत्तर वेळा पेलायचा आहे. माझ्या मते तिच्यासाठी 14 ते 16 पाउंड लिहिलेले, 48 ते 54 इंच लांबीचे धनुष्य पाहावे. प्रत्यक्ष हातात ते नऊ-दहा पाउंडांचेच लागेल. शक्यतो सुटे होणारे घ्यावे, म्हणजे पुढे मधली मूठ तीच ठेवून केवळ वरखालचे लिंब, म्हणजे वाकणारे दोन भाग, बदलता येतात. दुकानदाराची ‘चार वर्षे’ साधायची असतील, तर ती अशी साधतात.

दुकानात तिला बाणाविना दोरी हनुवटीपर्यंत ओढून सावकाश दहा अंक मोजू द्यावेत आणि दोरी तितक्याच सावकाश परत आणायला सांगावे. हात थरथरला, तर धनुष्य जड आहे. मात्र बाण नसताना ओढलेली दोरी कधीही सोडू नये, कारण बाणात जाणारा सारा जोर लिंबांतच उरतो आणि ते तडकतात.

मागच्या बाकावरचा

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त आमच्या फजितीची भर घालतो. आमचा मुलगा उजव्या हाताने लिहितो, म्हणून दुकानदाराने उजव्या हाताचे, म्हणजे डाव्या हातात धरून उजव्याने ओढायचे, धनुष्य दिले. दोन महिने त्याचे बाण सातत्याने एकाच बाजूला जात राहिले आणि आम्ही त्यालाच बोल लावत राहिलो. पुढे प्रशिक्षकांनी त्याला दोन्ही तळव्यांच्या मधल्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहायला सांगून एकेक डोळा मिटायला लावला, तेव्हा घड्याळ फक्त डाव्या डोळ्याला दिसत राहिले, म्हणजे त्याचा डावा डोळा प्रबळ आहे आणि त्याला डाव्याने ओढायचे धनुष्य हवे होते, असे कळले. ही तपासणी घरी एका मिनिटात होते. पैसे मोजण्यापूर्वी ती अवश्य करावी.

कृष्णाकाठ

आत्ताच करून पाहिले, उजवा डोळाच निघाला. मामांना काय सांगू? आणि बांबूचे धनुष्य स्वस्त पडेल का?

तिसरी शिट्टी

मामांचे अगदीच चुकते असे नाही. कंपाउंडमध्ये पूर्ण ओढीला चाके फिरतात आणि बोटांवरचा भार निम्म्याहून कमी होतो, त्यामुळे नेम धरणे सोपे जाते. परंतु ते यंत्र हातात जड असते, त्याची ओढ मुलाच्या मापाला नेमकी जुळवावी लागते आणि वाढत्या वयात ते माप सतत बदलते. एक-दोन वर्षे रिकर्व्हवर उभे राहणे आणि दोरी सोडणे पक्के झाले, की तिला स्वतःलाच ठरवू द्यावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेले साताऱ्याचेच प्रवीण जाधव रिकर्व्हचे धनुर्धर आहेत, हेही मामांच्या कानावर घालावे.

बांबूचे धनुष्य स्वस्त असते आणि आपल्याकडे इंडियन राउंड हा स्पर्धाप्रकार त्यावरच खेळला जातो. परंतु सराव संपल्यावर त्याची दोरी उतरवून ठेवावी लागते आणि पावसाळ्यातील ओल त्याला सोसत नाही. जवळपास इंडियन राउंड शिकवणारे कोणी असेल, तरच त्या वाटेने जावे.

खरे तर पहिले दोन-तीन महिने काहीच विकत घेऊ नये. प्रशिक्षण केंद्रात लहानांची धनुष्ये असतात का, ते विचारावे आणि आपण केवळ बोटांचा टॅब (दोरी ओढताना बोटे वाचवणारा तुकडा) व हाताचा गार्ड घ्यावा. दोरीचा पहिला फटका कोपराच्या आतल्या बाजूला बसला, की निम्मी मुले दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

मागच्या बाकावरचा

बाणांचेही सांगून ठेवतो. ते तिच्या ओढीपेक्षा किमान दोन-तीन इंच लांब असावेत; आखूड बाण ओढताना टेकणीवरून मागे सरकला, तर सुटताना धनुष्य धरलेल्या हातातच घुसू शकतो. आणि मैदानावर दोन शिट्ट्यांना रेषेवर जायचे, एकीला बाण सोडायला सुरुवात करायची, तीन शिट्ट्या ऐकल्याशिवाय बाण आणायला पुढे जायचे नाही, हे धनुष्य घरी येण्यापूर्वीच तिला शिकवावे. खराट्याच्या काड्यांवर ते उत्तम शिकवता येईल.