दक्षिण स्पेनची पांढरी गावं: कोण कोण जाऊन आलंय? (अनुभव धागा)

उंबरठा:
सकाळपासून सोसायटीच्या कंपाउंडला चुना मारणं चाललंय, झाडांच्या बुंध्यांना गेरू. ओल्या चुन्याचा वास घरात आला आणि मला एकदम ग्राझालेमा आठवलं. आंदालुसियातली ती पुएब्लोस ब्लांकोस, डोंगरावरची पांढरी गावं. सेव्हिलला गाडी घेतली आणि आर्कोस, ग्राझालेमा, साहारा, सेतेनिल करत रोंदाला पोचलो होतो. ग्राझालेमात एक आजी लांब काठीला ब्रश बांधून आपल्या घराची भिंत रंगवत होत्या, शेजारणीशी गप्पा चालूच. जवळून बघितलं तर इतक्या वर्षांचे थर चढलेत की भिंतीला कोपराच उरलेला नाही, सगळं गोल गुळगुळीत, खिडकीच्या दगडी नक्षीतली अर्धी फुलं चुन्यात बुडालेली. मूरांचं (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांचं) राज्य जाऊन पाचशे वर्षं झाली पण गल्ल्या अजून त्यांच्याच, वळणावळणाच्या, सावली धरून चालता येईल अशा. तुम्ही गाडीने, बसने, टूरबरोबर, कसेही गेला असाल तर लिहा ना. फोटो नसले तरी चालतील.

लालडबा:
आर्कोस!!! नाव काढू नका. मॅपने वर जुन्या गावात नेलं, गल्ली बारीक होत होत शेवटी दोन्ही आरसे मिटले, नवरा म्हणतोय जाईल जाईल, सासूबाई मागे रामरक्षा म्हणतायत आणि समोरून एक स्कूटरवाला. तिथल्या भिंतींचे कोपरे बघा एकदा, चुन्यावर सगळ्या गाड्यांच्या रंगांचे ओरखडे असतात, लाल निळे करडे. शेवटी एका काकांनी हातवारे करत इंच इंच बाहेर काढलं आणि वर टाळ्या वाजवल्या. गाडी खाली पार्किंगला लावा नि गप चढा.

गुऱ्हाळ:
फ्रिखिलियाना राहिलं की यादीत. मालागाच्या बाजूला, नेर्खाच्या वर. तिथे वांग्याचे काप तळून वरून काकवी घालून देतात. काकवी! मी कोल्हापूरचा, आधी खात्री करायला बशीच नाकाला लावली. ऊस तिकडे अरबांनी नेला, आणि गावात काकवीचा जुना कारखाना अजून चालू आहे. बायको म्हणत होती कसंतरीच लागेल, मग तिनेच परत मागवली.

मेथीचीजुडी:
@गुऱ्हाळ त्या वांग्यांवरच जगलो आम्ही. शाकाहारी म्हटलं की सॅलडवर ट्यूना घालून आणतात, तो त्यांच्या हिशेबात मांस नाही. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो आणि पावाचं घट्ट गार सूप, चव एक नंबर, पण वर खामोनचा (डुकराच्या सुकवलेल्या मांसाचा) चुरा पेरतात, तो नको म्हणून आधीच सांगायचं. पालक-छोले मात्र मिळाले, जिरं घातलेले, सोबत पोळी असती तर आनंदाने रडले असते. आणि दुपारी ४ नंतर किचन बंद ते थेट रात्री ८-साडेआठला. पोरं बरोबर असतील तर खाकरे ठेवा.

सनावळी:
उंबरठा, थोडी भर. गल्ल्या, किल्ले, पाण्याची सोय हे मूरांचं खरंच, पण गावंच्या गावं पांढरी झाली त्याचं सगळं श्रेय त्यांना देता येत नाही. सरसकट चुना मारायची पद्धत नंतर साथीच्या रोगांच्या काळात वाढली, चुन्याने जंतू मरतात म्हणून. मोरोन दे ला फ्रोंतेरा इथल्या चुना भाजायच्या कारागिरीची २०११ मध्ये युनेस्कोनेही दखल घेतली. आणि तुमचा तो सगळा रस्ता म्हणजे जुनी सरहद्द, अलीकडे कास्तीलचं ख्रिस्ती राज्य, पलीकडे ग्रानादाची मुसलमान नस्री सत्ता. १४८१ च्या डिसेंबरात ग्रानादावाल्यांनी साहारा परत घेतलं आणि शेवटचं युद्ध पेटलं. १४८४ ला सेतेनिल कास्तीलकडे गेलं, १४८५ ला रोंदा, २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा.

लालडबा:
सर हे किती मार्कांना आहे :)

शिट्टीतीन:
कुकर लावलाय तेवढ्यात लिहिते. रोंदाला सगळे त्या पुलावर फोटो काढतात (९८ मीटर उंच, १७९३ ला पूर्ण झाला, म्हणजे मूरांचा नाहीच तो) आणि परत फिरतात. खाली उतरा हो, ओढ्याकाठी अरब हमाम आहे. विटांच्या कमानी आणि छताला चांदणीच्या आकाराची भोकं, उन्हाच्या चांदण्या जमिनीवर पडलेल्या, माझी मुलगी एकेकीवर उड्या मारत फिरत होती. बाजूला बुरूज आहे, तिथे गाढव गोल फिरवून रहाटाने पाणी वर काढायचे, मग पाटाने आत आणि भट्टीवर तापवायचे. गार खोली, कोमट खोली, गरम खोली. सगळं कसं चालायचं त्याचा छोटा व्हिडिओ दाखवतात, तो चुकवू नका. वर चढताना गुडघे बोलले माझे. शिट्टी झाली, येते.

बिनकामाचा:
मी तुमच्या बाजूला नाही गेलो, सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर आल्पुखारासला गेलो. पांपानेइरा, बुबिओन, कापिलेइरा, एकाच दरीत एकाच्या वर एक. इथे घरांना कौलं नाहीत, सपाट छत आणि त्यावर करडी चिकण माती पसरलेली, पाणी आत येऊ देत नाही. मोरिस्को म्हणजे धर्म बदलायला लावलेले मुसलमान, त्यांची भाषा, कपडे, न्हाणीघरं सगळ्यावर बंदी आली तेव्हा १५६८ ला त्यांनी इथे उठाव केला. १५७१ पर्यंत तो चिरडला, लोकांना उचलून कास्तीलकडे पाठवलं आणि उत्तरेकडची कुटुंबं आणून वसवली. पण बर्फाचं पाणी आणणारे मोरिस्कोंचे पाट, आसेकिया, ते अजून वाहतायत. आम्ही चाललो त्या पायवाटेला लागूनच पाट होता आणि एक शेतकरी फावड्याने दगडमाती सारून पाणी आपल्या वावरात वळवत होता, पाळी ठरलेली असते म्हणे. पाळीवरून भांडणं होतात का विचारलं तर नुसता हसला, म्हणजे होत असणार. गावात चिंध्या विणून केलेल्या सतरंज्या दारोदार टांगलेल्या, खारापा म्हणतात. आईला आणली एक, तर म्हणाली एवढे पैसे देऊन चिंध्या आणल्यास?

गुऱ्हाळ:
पांपानेइराच्या त्या कारंज्याचं पाणी प्यायलात का? सडाफटिंग माणसाने प्यायलं की लग्न जमतं म्हणतात.

बिनकामाचा:
बाटली भरून आणलं होतं. स्थळं बघणं चालूच आहे.

लालडबा:
नणंद आहे माझी. पुण्यात असते, गाडी उत्तम चालवते, घाटात पण.

बिनकामाचा:
व्यनि (खासगी निरोप) करतो.

मेथीचीजुडी:
अहो इथे लोक माहिती विचारायला येणारेत, सोयरिकी नंतर.

नवागडी:
तेच विचारायचंय. इंडियन लायसन्सवर गाडी मिळते का? आणि ते रस्ते भीतीदायक आहेत का खूप?

उंबरठा:
आपल्या आरटीओतून आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहन परवाना) काढून न्या, वर्षभर चालतो. ऑटोमॅटिक हवी तर आधीपासून बुक करा, तिकडे मॅन्युअलच जास्त. गाड्या उजवीकडून चालतात ते एका दिवसात अंगवळणी पडतं. घाट म्हणाल तर ग्राझालेमा ते साहारा, मध्ये पालोमास खिंड लागते. रस्ता अरुंद पण चांगला, फक्त मध्येच बकऱ्या. त्याच बकऱ्यांचं पायोयो चीज घ्या. खिंडीतून खाली साहाराचा हिरवानिळा तलाव दिसतो आणि वर सुळक्यावर एकटा बुरूज. सेतेनिलला मात्र दिवसाच्या गर्दीत नको, घरांवर अख्खा कडा आलेला बघायला सगळे तिथेच येतात.

शिट्टीतीन:
आले परत. खूस्कारचं कोणी लिहिलंच नाही? ते पण पांढरंच होतं, २०११ मध्ये निळ्या बुटक्यांच्या (स्मर्फ्स) सिनेमाच्या प्रचारासाठी अख्खं गाव निळं रंगवलं. नंतर कंपनी परत पांढरं करून देणार होती तर गावकऱ्यांनी मत देऊन निळंच ठेवलं, पर्यटक यायला लागले ना. मुलीला रोंदापेक्षा तेच आवडलं. मला नाही आवडलं पण आपल्याला कोण विचारतंय.

नवागडी:
जुलैत जायचा विचार आहे, सुट्टी तेव्हाच मिळते.

मेथीचीजुडी:
नको नको. खाली सेव्हिल-कोर्दोबाला ४० च्या वर जातं. एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर.

सनावळी:
पण ग्राझालेमाला छत्री न्या तेव्हा. स्पेनमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, वर्षाला २००० मिमीच्या आसपास.

आंबोलीकर:
२००० वर्षाला?? आमच्याकडे एकट्या जुलैत पडतो तेवढा. असो, वाचतोय, चालू द्या.