सिएरा नेवाडातले पाइन कशानं मेले: उन्हानं की दाटीनं?

फ्रेस्नोकर:
2010 ते 2017 मध्ये कॅलिफोर्नियात 12 कोटी 90 लाख झाडं मेली. हा अमेरिकी वनखात्याच्या हवाई पाहणीचा आकडा. इथे सिएरा नेवाडा डोंगररांगेत शेव्हर लेककडे चढताना डोंगरच्या डोंगर तांबडे दिसायचे. इथे बरेच जण म्हणतात, 'दुष्काळ नेहमीचाच, जंगल दाट होऊ दिलं म्हणून मेलं.' मला हे अजिबात पटत नाही. पाऊस 1976-77 मध्येही दगा देऊन गेला होता. या वेळी भर पडली ती उन्हाची. 2014 हे तोवरचं राज्यातलं सर्वांत उष्ण वर्ष. 1 एप्रिल 2015 ला डोंगरातला बर्फ सरासरीच्या 5 टक्के भरला.

तापलेली हवा पानांतून जास्त पाणी ओढते. खाली माती कोरडी, मग खोडातल्या नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची धार तुटते. भुंगा साल पोखरू लागला की धडधाकट पाइन राळेनं त्याला बाहेर ढकलतो, सालीवर राळेचे गोळे दिसतात. तहानलेल्या झाडाला राळ पुरत नाही, गोळे फारसे दिसत नाहीत, भेगांत नुसता तांबूस भुसा, आणि भुंगा झाड मारतो.

रानवेडा:
ऊन मान्य. पण 1935 मध्ये वनखात्यानं नियम केला की लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. त्याआधी इथले मूळ रहिवासी, मोनो आणि मिवोक लोक, मुद्दाम रान जाळायचे. ते बंद पाडलं आणि एकरी काही डझन झाडांच्या जागी शेकडो झाली, पाणी तेवढंच. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या इलिलुएट खोऱ्यात 1970 च्या दशकापासून विजेनं लागलेल्या आगी जळू देतात. याच दुष्काळात तिथे झाडं फार कमी मेली. याचं काय?

मोसंबीवाली, जालना:
दादा, 2012-13 ला आमच्याकडे ज्यांनी छाटणी केली, फळं उतरवून टाकली, त्यांच्या बागा टँकरवर तगल्या. दाटीचा मुद्दा खरा आहे. पण ज्यांची विहीर आधीच आटली, त्यांची विरळ बागही वाळली.

फ्रेस्नोकर:
ताई, नेमकं तेच. रानवेडा, इलिलुएट 1800 मीटरच्या वर आहे. सर्वांत जास्त मर झाली ती खालच्या, तापलेल्या पट्ट्यातल्या पाँडेरोसा पाइनची. आणि भुंग्यानं जास्त करून मोठी झाडं धरली, दाटीतली किरकोळ नव्हे.

रानवेडा:
उंचीचा फरक पडतो, कबूल. पण त्याच मेलेल्या रानात 2020 ला 'क्रीक फायर' नावाची आग पेटली, पावणेचार लाख एकरांवर गेली. सगळं खापर उन्हावर फोडलं की विरळणीला, म्हणजे दाटीतली झाडं काढायला, पैसे कोण देणार? हवेचं तापमान गावाच्या हातात नाही, विरळणी आहे.

फ्रेस्नोकर:
विरळणी कराच, माझा विरोध नाही. पण रिकाम्या झालेल्या त्या खालच्या उतारांवर पुन्हा पाँडेरोसाच लावायचा का? तिथलं ऊन आता पूर्वीचं राहिलेलं नाही. याचं उत्तर तुमच्या विरळणीत कुठे आहे ते सांगा.