स्लीव्हनंतर ट्रायग्लिसराइड उतरलं, मग एचडीएल का घसरलं?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)
वहिनींना फॅटी लिव्हर, बीएमआय 41. स्लीव्ह (वजन घटवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन) होऊन तीन महिने झाले. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 310 वरून 165 वर आलं. पण एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 38 वरून 33 आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 136 वरून 131, म्हणजे जवळपास तिथेच. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही का? आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आता बंद करता येईल का?

उत्तर 1 (फिजिशियन, वाशी)
उपयोग होतोय. खाणं घटलं आणि इन्सुलिनचं काम सुधारलं की यकृताकडे जाणारी चरबी कमी होते. यकृत मग व्हीएलडीएल (चरबी रक्तात वाहून नेणारे कण) कमी बनवतं, आणि ट्रायग्लिसराइड त्यातूनच रक्तात येतं, म्हणून ते सगळ्यात आधी उतरतं. वजन झपाट्याने घटत असताना एचडीएल खाली येतं. सहा महिने ते वर्षभरात वजन स्थिरावलं की बहुतेकांचं पूर्वीपेक्षा वर जातं.

एलडीएलचं गणित वेगळं. स्लीव्हमध्ये फक्त जठर कापतात, आतड्याला हात लागत नाही, त्यामुळे ते फारसं हलत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (यात आतड्याचा काही भागही वगळतात) कोलेस्टेरॉलचं शोषण घटतं, पित्ताम्लांचं चक्र बदलतं, म्हणून तिथे एलडीएल जास्त उतरतं.

स्टॅटिन स्वतःहून थांबवू नका. फॅटी लिव्हर हे ते बंद करण्याचं कारण नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर 131 जास्तच आहे, डोस वाढवायचा का ते डॉक्टरांना विचारा.

उत्तर 2 (पॅथॉलॉजी लॅब, नेरूळ)
एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल बघा. एलडीएल सूत्राने (थेट न मोजता एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडवरून) काढलं असेल तर वहिनींचं नॉन-एचडीएल 198 वरून 164 वर आलंय. खरी सुधारणा इथे दिसते. पुढची तपासणी सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, शक्यतो त्याच लॅबमध्ये. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर सूत्राचं एलडीएल चुकतं, तेव्हा डायरेक्ट एलडीएल मागा.

उत्तर 3 (आहारतज्ज्ञ, कोपरी)
पोट लहान झालं तरी उसाचा रस, सरबत, आइस्क्रीम सहज उतरतं, आणि ट्रायग्लिसराइड पुन्हा चढतं ते बहुधा यामुळेच. दारू पूर्ण बंद. प्रथिनं दिवसाला 60 ते 80 ग्रॅम हवीत. नुसत्या वरणाच्या पाण्यावर ती भरत नाहीत. अंडी, पनीर, मासे किंवा डॉक्टरांनी सांगितलेली पावडर लागते. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून पहिले सहा महिने बऱ्याच जणांना अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. ती गोळी चुकवू नका. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखलं तर सोनोग्राफी करून घ्या. यकृतातली चरबी लवकर कमी होते, फायब्रोसिसला (यकृतातल्या कडक व्रणांना) मात्र वेळ लागतो. त्यामुळे लिपिड सुधारलं म्हणून वर्षाचा फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) टाळू नका.