मदत हवी आहे: ‘डेथ मॅग्नेटिक’ची कोणती आवृत्ती ऐकावी?

मेटॅलिका या मेटल बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बममधली (२००८) गाणी दमदार आहेत, पण सीडी ऐकताना कान शिणतात. ऑडासिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की वेव्हफॉर्मची (आवाजाच्या आलेखाची) टोकं करवतीनं कापल्यासारखी सपाट दिसतात. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’च्या शेवटी स्नेअर ड्रमचा ठोका गिटारमध्ये बुडतो, वर चरचर. मास्टरिंगला (अल्बमवरच्या शेवटच्या ध्वनिसंस्काराला) जाण्याआधीच मिक्स (सगळी वाद्यं आणि गायन एकत्र केलेलं ध्वनिमुद्रण) ठासून दाबलेलं होतं, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक जवळजवळ उरलाच नव्हता, त्यामुळे व्हॉल्यूम कमी करूनही ती चरचर जात नाही.

‘गिटार हीरो’ गेममधले ट्रॅक मोकळे वाजतात, ड्रम्स तर फारच छान. पण ते मिक्स वेगळं आहे, अल्बमचं नव्हे.

२०१५मध्ये आयट्यून्सवर आलेली आवृत्ती आणि मूळ सीडी दोन्ही नीट ऐकलेलं कुणी आहे का? स्नेअर आणि बेसमध्ये फरक जाणवतो का? तुलना रीप्लेगेन (गाण्यांच्या आवाजाची पातळी सारखी करणारी सोय) लावून, समान पातळीवरच करा. जे मोठ्यानं वाजतं तेच आधी चांगलं वाटतं. एलपीवरून (विनाइल तबकडीवरून) काढलेले डीआर मीटरचे (हळू-मोठ्या आवाजातला फरक मोजणाऱ्या साधनाचे) आकडे कृपया देऊ नका. मास्टर (मास्टरिंगनंतरची अंतिम प्रत) तोच असला तरी सुईवरून येताना पीक (आवाजाची टोकं) उंचावतात आणि आकडा उगाच वाढतो. कोणत्या गाण्यात, कितव्या मिनिटाला फरक कळला, तेवढं लिहा.