फवारणी ड्रोनच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या फुगल्यात, वापरू का?

सोयाबीन_लातूर: १० लिटरचा ड्रोन आहे. ६एस (म्हणजे सहा सेलचे), २२,००० एमएएचचे दोन पॅक सिरीजमध्ये लागतात. हंगाम संपल्यावर फुल चार्ज करून पत्र्याच्या खोलीत ठेवले होते, आता एक जोडी फुगलीय. थोडाच फुगवटा आहे, चालवून बघू का? शिवारात गरम पॅक लगेच जनरेटरवर लावला तर चालतं का?

सेलतपासणी: उडवू नका, चार्जही करू नका. टोचून हवा काढायचा विचारसुद्धा नको. आतला गॅस पेट घेतो. इलेक्ट्रोलाइट कुजून तो तयार होतो. सेल ४.२० व्होल्टवर भरलेला आणि वर पत्र्याची उष्णता, म्हणजे ते काम झपाट्यानं होतं. दोन-तीन दिवसांत फवारणी नसेल तर चार्जर स्टोरेज मोडवर टाका: सेलला ३.८० ते ३.८५, म्हणजे ६एसला साधारण २३ व्होल्ट. महिन्यातून एकदा सेल तपासा. दोन सेलमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला की पॅक बाजूला काढा.

रोटर_सांगली: गरम पॅक लगेच अजिबात लावू नका. सावलीत ठेवा, ४० अंशांखाली आला की मगच चार्जिंग. पाण्यात बुडवून गार करू नका. १सी (साधारण तासाभरात पॅक भरेल इतका करंट) म्हणजे पॅकला २२ ॲम्पियर, शेवटी साडेपाचशे वॅट. दोन पॅक नि चार्जरचा लॉस धरला तर २ केव्हीएचा जनरेटर हवा. छोटा दमतो आणि चार्जिंग मध्येच तुटतं.

पॅकवर मार्करनं अ१-अ२, ब१-ब२ लिहा, जोडी मोडू नका. जुना पॅक नव्यासोबत लावला की जुना आधी बसतो आणि टाकी भरलेली असताना ड्रोन खाली येतो. लोडवर सेल ३.६ला आला की उतरवा.

सेलतपासणी: कनेक्टरही बघा. औषधाचे शिंतोडे बसून पिन हिरवट पडली की रेझिस्टन्स वाढतो, प्लग वितळतो. रोज कोरड्या कापडानं पुसा.

सोयाबीन_लातूर: आणि फुगलेल्यांचं काय करायचं?

रोटर_सांगली: घरापासून लांब, मोकळ्या जमिनीवर ठेवून ट्रकचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब प्रत्येक पॅकला लावा. पॅक भरलेला असेल तर पूर्ण उतरायला एक दिवस लागतो. मिठाच्या पाण्यात टाकायचा सल्ला मिळेल, पण त्यात टॅब (सेलच्या जोडपट्ट्या) आधी गंजतात नि सेलमध्ये चार्ज तसाच राहतो. मग दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे टेप लावून विक्रेत्याकडे द्या. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. भंगारवाल्याला देऊ नका, तिथं कुणीतरी ती फोडतं.